मनाच्या आजारात सोबत्याचे काम
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांला पंधरा मिनिटे दिली, त्याबद्दल आभार. धम्मावर बोलणारे विद्वान वक्ते आमच्यानंतर आहेत. आम्ही विद्वान नाही. आम्ही सहा जण आहोत. आमच्यापैकी चौघांना मनाचा आजार होऊन गेला आहे किंवा अजून आहे आणि गोळ्या चालू आहेत. दोघीजणी अशा माणसांच्या घरच्या आहेत, एक आई आणि एक बायको. इथे उभा राहून बोलतो आहे एकच जण, पण बोलणे सहाही जणांचे आहे. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

आपल्या वस्तीत कुणाचा पाय मोडला तर काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली घरी येऊन जाते. कुणी डबा आणते, कुणी रिक्षा बोलावते, कुणी रात्री दवाखान्यात झोपायला जाते. पण त्याच घरातल्या मुलाचे मन मोडले तर दार बंद होते. आतले बाहेर सांगत नाहीत आणि बाहेरचे आत येत नाहीत. पोरं गमतीने म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." आणि आई कडी लावून घेते.

गेल्या पावसाळ्यात आपल्या वस्तीतला एक तरुण मुलगा आपल्यातून गेला. त्याचे नाव आम्ही घेणार नाही. त्याच्या घरच्यांच्या दुःखाला आम्हांला धक्का लावायचा नाही. आपण सगळ्यांनी मिळून "अटॅक आला" असे सांगितले. खरे काय ते सगळ्यांना माहीत होते. पण आज कबूल करायची गोष्ट दुसरीच आहे. तो जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी आमच्यातल्या एकाने त्याला पाहिले होते. रात्री दोन वाजता, याच विहाराच्या पायरीवर, एकटा बसलेला. दाढी वाढलेली, पाऊस अंगावर घेत. बघताक्षणी त्याने ओळखले, कारण काही वर्षांपूर्वी तोही असाच त्याच पायरीवर बसायचा. पण तो बोलला नाही. का नाही बोलला? त्याला विचारायचे तर स्वतःचेही सांगावे लागले असते, आणि ते सांगायची लाज वाटली. तो घरी जाऊन झोपला.

बोलला असता तर तो मुलगा वाचलाच असता, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण चूक ती चूक. तिथून आम्ही सहा जण एकत्र आलो.

धम्मबंधूंनो, मनाचा आजार ही काही थोड्या घरांची गोष्ट नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मोठ्या माणसांपैकी शंभरात दहाहून थोडे अधिक जण त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारात होते. आणि त्यातल्या बहुतेकांना कुठलाही उपचार मिळत नव्हता. आजारागणिक पाहिले तर शंभरातले सत्तर ते ब्याण्णव जण उपचाराविना. आपल्या वस्तीची घरे मोजा आणि हिशेब करा.

मग हे लोक जातात कुठे? आपण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. भूतबाधा, अंगात येणे, उतारा, गंडादोरा हे आपण सोडले आहे असे आपण मंचावरून सांगतो. पण खरे बोलायचे तर आमच्यातल्या दोन घरांनी गुपचूप भगत केला. एका घराने तर कर्ज काढून केला. घाबरलेली आई कुठेही जाते, तिला दोष देऊन उपयोग नाही. मात्र अंधश्रद्धेची किंमत काय पडते तेही लक्षात ठेवा. तामिळनाडूत एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 रोजी एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. 28 माणसे गेली.

दुसरी वाट दवाखान्याची. ती वाट बरोबर आहे, आमच्यातले चौघेही गोळ्यांनीच उभे राहिले. पण ती वाट कशी आहे तेही सांगतो. सकाळी सातला केसपेपरची रांग. अकराला नंबर. डॉक्टरांसमोर तीन-चार मिनिटे. डॉक्टर वाईट नाहीत, बाहेर दीडशे माणसे बसलेली असतात. आपल्या देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ पडत नाही. डॉक्टर विचारतात, "झोप येते का? आवाज ऐकू येतात का?" आणि गोळ्या लिहून देतात. त्या कशासाठी, किती दिवस, हात का थरथरतो, तोंड का कोरडे पडते, वजन का वाढते, कामावर काय सांगायचे, लग्नाचे काय, हे विचारायला वेळ नसतो आणि धीरही नसतो. मग माणूस घरी येतो, आठ दिवस गोळ्या घेतो, "काही फरक नाही" म्हणून सोडून देतो. त्याला कुणी सांगितलेलेच नसते की उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो.

डॉक्टर आणि घर यांच्या मधली जी जागा रिकामी आहे, तिथे एक माणूस हवा. इंग्रजीत त्याला पीअर सपोर्ट वर्कर म्हणतात. आम्ही साधे 'सोबती' म्हणतो. सोबती म्हणजे ज्याने स्वतः हा आजार भोगला, जो सावरला, जो थोडेफार शिक्षण घेऊन आता दुसऱ्याच्या बरोबर चालतो.

तो नेमके काय करतो? मोठे काही करत नाही. आमच्यातल्या आईने सांगितलेली गोष्ट ऐका. तिचा मुलगा चार महिने खोलीच्या बाहेर आला नाही. मामा येऊन ओरडून गेले, काकांनी समजावले, कुणी म्हणाले "लग्न करून द्या, सुधारेल." मग आमच्यातला एक जण गेला. तो दाराबाहेर खाली बसला आणि म्हणाला, "माझ्या डोक्यातले आवाज मला माझ्या आईच्या आवाजात शिव्या द्यायचे. तुझे कुणाच्या आवाजात बोलतात?" बराच वेळ आतून काही आले नाही. मग दार चार बोटे उघडले. त्या दिवशी एवढेच झाले. पुढल्या आठवड्यात चहा झाला. त्याच्या पुढल्या महिन्यात दोघे मिळून ओपीडीच्या रांगेत उभे राहिले.

आई म्हणते, "मी त्याला जन्म दिला, पण हा प्रश्न मला सुचला नसता." खरे आहे. ज्याने ते ऐकले नाही त्याला ते विचारता येत नाही.

तर सोबत्याचे काम असे: रांगेत बरोबर उभे राहणे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून घेणे. गोळ्यांचा त्रास झाला तर "बंद करू नकोस, आधी डॉक्टरांना सांगू" म्हणून समजावणे. आजार उलटण्याआधीची लक्षणे त्या माणसाकडूनच लिहून घेणे. कुणाची आधी झोप जाते, कुणी अंघोळ टाळतो, कुणी भराभर पैसे खर्च करायला लागतो. ती लक्षणे दिसली तर कुणाला सांगायचे, कुठल्या दवाखान्यात जायचे, हे तो चांगला असतानाच ठरवून ठेवणे. घरच्यांना सांगणे की हा आळस नाही आणि नाटकही नाही. दिव्यांगत्वाचा दाखला कुठे मिळतो, अर्ज कसा भरायचा, ते दाखवणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समोर बसून दिसणे. "हा माझ्यासारखाच होता, आज कामावर जातो, हसतो, विहारात येतो." कुठल्याही गोळीच्या पाकिटात ही गोष्ट मिळत नाही.

कुणी म्हणेल, हे नवीनच काहीतरी. नवीन नाही. दारूच्या बाबतीत आपण हे रोज पाहतो. 1935 साली अमेरिकेत ॲक्रन या गावी दोन दारुडे भेटले, एक शेअरबाजारातला आणि एक सर्जन. पिणारा पिणाऱ्याशी बोलला की न पिता एक दिवस निघतो, हे त्यांना उमगले आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात झाली. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केले. तिथे कधीकाळी रुग्ण म्हणून आलेलीच माणसे पुढे समुपदेशक झाली, कार्यकर्ते झाली. दारू सुटलेला माणूस दारुड्यासमोर बसतो तेव्हा त्याला फसवता येत नाही, कारण सगळ्या थापा त्याने स्वतः मारलेल्या असतात. दारूला जे लागू, ते उदासीला आणि स्किझोफ्रेनियालाही लागू.

त्याहून जुने पाहायचे तर फ्रान्समध्ये पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात पुसां नावाचा व्यवस्थापक होता. तो स्वतः तिथे दुसऱ्या एका आजारासाठी रुग्ण म्हणून आला आणि तिथेच कामाला लागला. मनोरुग्णांची देखभाल करायला तो बऱ्या झालेल्या रुग्णांनाच नेमत असे, कारण ते मारहाण करत नसत. 1797 साली त्याने तिथल्या वेड्यांच्या साखळ्या काढवल्या.

आजच्या काळातले सांगायचे तर इंग्लंडमध्ये झालेला एक प्रयोग 2018 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीव्र झटक्यातून सावरत असलेली 441 माणसे घेतली. अर्ध्यांना स्वतः भरायची एक वही दिली. उरलेल्या अर्ध्यांना वही दिली आणि सोबतीही दिला, दहा भेटींपर्यंत. वर्षभरात पहिल्या गटातले शंभरात 38 जण पुन्हा तातडीच्या उपचारांसाठी दाखल झाले. सोबती असलेल्या गटातले 29. चमत्कार नाही, पण शंभरातली नऊ माणसे म्हणजे नऊ घरे.

आपल्या महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' नावाचे काम झाले. गावातल्याच बायका-पुरुषांना शिकवून तयार केले. त्यांनी शेजारपाजारच्या दुःखी माणसाला ओळखायचे, त्याच्याशी काही बैठका बोलायचे आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे न्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली चांगल्या कामांची उदाहरणे छापली, त्यात या कामाचा समावेश आहे. म्हणजे आपल्या भाषेत, आपल्या माणसांकडून हे होते.

आणि धम्मात? भन्तेजी इथे बसले आहेत, आमचे चुकले तर त्यांनी सांभाळून घ्यावे. पटाचारेची कथा आपल्या आया-बहिणींना माहीत आहे. श्रावस्तीच्या सावकाराची मुलगी. घरातल्या नोकराबरोबर तिने संसार मांडला. बाळंतपणाला माहेरी निघाली आणि एका दिवस-रात्रीत नवरा साप चावून गेला, तान्हे बाळ ससाण्याने उचलले, थोरला नदीत वाहून गेला. माहेरी पोचते तर वादळात घर कोसळून आई-बाप-भाऊ चितेवर. ती भ्रमिष्ट झाली. अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक "वेडी, वेडी" म्हणून ढेकळे मारू लागले. अशा अवस्थेत ती तथागतांच्या सभेकडे आली. लोक अडवू लागले, तेव्हा तथागतांनी तिला येऊ द्यायला सांगितले, तिला बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर यायला सांगितले. कुणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले.

इथपर्यंत आपण सांगतो. पुढचे सांगत नाही. पटाचारा भिक्खुणी झाली आणि थेरीगाथेत असे आहे की पोटची मुले गेलेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे आल्या आणि तिच्या बोलण्याने सावरल्या. त्या तिच्याकडेच का आल्या असतील? संघात विद्वान पुष्कळ होते. पण ते दुःख तिने भोगले होते. आम्ही म्हणतो, पटाचारा ही आपली पहिली सोबती. आणि ज्याला धम्मात कल्याणमित्र म्हणतात, तो याहून वेगळा कोण?

आणखी एक गोष्ट. आपल्या मुलांच्या मनावर एक जादा ओझे असते. कॉलेजात आडनाव विचारले जाते, हॉस्टेलवर टोमणे मारले जातात, ऑफिसात "कोट्यातला" म्हणून हसतात. हे सगळे तो समोरच्या अनोळखी डॉक्टरला सांगत नाही, कारण ते त्याला समजेल की नाही याची खात्री नसते. डॉक्टर त्यावर गोळी देतात, पण मूळ घाव उघडाच राहतो. आपल्यातला सोबती असेल तर त्याला आडनावापासून समजावून सांगावे लागत नाही.

पण आम्ही सोबत्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या भगताच्या जागी आम्हीच बसू. सोबती डॉक्टर नाही. तो गोळी देत नाही, गोळी बंद करायला सांगत नाही, आजाराचे नाव ठेवत नाही. ऐकलेले तो वस्तीत बोलत नाही. एकच अपवाद आहे. जिवाला धोका दिसला तर तो गप्प राहत नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगतो. आणि तसे करणार हे तो पहिल्याच दिवशी त्या माणसाला सांगून ठेवतो. त्याचा स्वतःचा आजारही उलटू शकतो. तेव्हा त्याला सुट्टी मिळाली पाहिजे, टोमणा नाही. म्हणून सोबत्याने एकट्याने काम करू नये, दोघा-तिघांनी मिळून करावे आणि एखाद्या जाणकाराचा सल्ला घेत राहावे. जिथे दवाखाने सोबत्याला कामावर घेतात तिथे त्याला योग्य पगार मिळाला पाहिजे. फुकट राबवून घेणे ही सेवा नव्हे. कमी दर्जाचे काम म्हणून थोडक्यात भागवणे काय असते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

कायदाही आता बदललेला आहे, तो माहीत असावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. मला कसा उपचार हवा, कसा नको, हे माणूस चांगला असताना लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमू शकतो. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो. त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने 309 कलम ठेवलेलेच नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने कुणाला दवाखान्यात न्यायचे थांबू नका. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. रात्री-अपरात्री फुकट लागतो, मराठीत बोलता येते. हा नंबर समितीने फळ्यावर लिहावा, आणि पुसू नये.

आता आमचे मागणे. पैसे नकोत. दर रविवारी दुपारी चार ते सहा विहाराची वरची खोली आम्हांला द्या. तिथे आम्ही सहा जण बसू. ज्याला यायचे त्याने यावे. बोलायचे तर बोलावे, नाहीतर नुसते बसावे. बाहेर पाटी लावणार नाही, नाव लिहून घेणार नाही. महिला मंडळाने बाळंतिणींकडे लक्ष ठेवावे. बाळ झाल्यावर जी मुलगी हसत नाही, जेवत नाही, बाळाकडे पाहत नाही, तिला "नखरे करते" म्हणू नका, आमच्याकडे किंवा डॉक्टरांकडे आणा. शिक्षक बंधूंनी दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात आमच्याबरोबर घरोघर फिरावे. आणि तरुण मंडळाने एवढेच करावे, "येडा" हा शब्द थट्टेत वापरणे सोडावे.

आणि सर्वांनी एक गोष्ट. रात्री कुणी पायरीवर एकटा बसलेला दिसला तर घरी जाऊन झोपू नका. त्याच्या शेजारी बसा. उपदेश नको. "जेवलास का?" एवढे विचारले तरी चालेल. त्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट कुणाला तरी कळले म्हणून ओझे हलके होते. तो "हो" म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, आम्हांला उठवा.

या स्मरणिकेत आमची नावे छापलेली नाहीत. आम्हांला लाज वाटते म्हणून नाही, पण आमच्यातल्या दोन घरी लग्नाची बोलणी चालू आहेत आणि आपला समाज कसा आहे ते आपण जाणता. ज्या वर्षी ही नावे बिनधास्त छापता येतील, त्या वर्षी हे काम पुरे झाले असे समजू.

  येत्या रविवारी चार वाजता आम्ही वर बसलो आहोत.

जयभीम. नमो बुद्धाय.